घटक ६ : शिक्षणाचे माध्यम आणि पालकांचा निर्णय

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर, मुलांच्या शिक्षणाच्या माध्यमाविषयी पालक जो निर्णय घेतात तो भाषानियोजनाचा भाग कसा ठरतो, हे तुम्हाला सांगता येईल. ‘मातृभाषा’ या संज्ञेच्या जनगणनेतील, न्यायालयीन व भाषावैज्ञानिक अर्थांतील फरक स्पष्ट करता येईल. आणि आपल्या परिसरातील एखाद्या कुटुंबाच्या भाषाधोरणाचे वर्णन करता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण भाषानियोजनाचा विचार केला. शासन, विद्यापीठे, साहित्यसंस्था, परिभाषा समित्या आणि कोशकार्यालये भाषेविषयी जाणीवपूर्वक निर्णय घेतात व त्या निर्णयांचे परिणाम संपूर्ण भाषिक समाजावर होतात, हे आपण पाहिले. परंतु भाषेविषयीचा अतिशय परिणामकारक असा एक निर्णय या कोणत्याही संस्थेत होत नाही. तो घरात होतो. जून महिन्यात शाळेच्या कार्यालयात प्रवेशअर्ज भरणारा पालक भाषानियोजनच करीत असतो. त्याला ते नाव ठाऊक नसते, इतकेच. एका घराचा निर्णय लहान दिसतो. तोच निर्णय एका तालुक्यातील काही हजार घरांनी घेतला, की तेथील शाळांचे माध्यम बदलते, पाठ्यपुस्तकांचा खप बदलतो आणि पुढच्या पिढीत मराठी वाचणाऱ्यांची संख्याही बदलते.

तुमच्यापैकी अनेक जण स्वतः पालक आहेत. नोकरी, शेती किंवा घरकाम सांभाळून तुम्ही ही पुस्तिका वाचत आहात आणि शेजारच्या खोलीत तुमचे मूल कदाचित दुसऱ्याच भाषेतील पाठ पाठ करीत असेल. तुम्ही मुलाला कोणत्या माध्यमात घातले ते बरोबर की चूक, असा निकाल देणे हा या घटकाचा हेतू नाही. निर्णय कसा होतो, त्यामागे कोणत्या समजुती असतात आणि ‘निवड’ म्हणतो तेव्हा आपण नेमके काय निवडत असतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

६.३ पालक : सक्तीचा विषय की अधिकाराचा धनी?

मुलांच्या शिक्षणात पालकाचे स्थान काय, या प्रश्नाची महाराष्ट्रातील चर्चा माध्यमापासून सुरू झालेली नाही. ती सक्तीपासून सुरू झाली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये बडोदे संस्थानातील अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचे व मोफत शिक्षण जाहीर केले, तेव्हा मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंडाची तरतूद होती.

या सर्व प्रयत्नांत पालक हा मुलाच्या शिक्षणाच्या वाटेवरील संभाव्य अडथळा आहे, असे गृहीत धरलेले दिसते. ते पूर्णतः चुकीचे होते असे म्हणता येत नाही. मात्र अडथळ्यालाही कारण असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरातील आदिवासी पाड्यांवर काम करताना ते कारण शोधले. मूल गुरे राखते किंवा धाकट्या भावंडाला सांभाळते, म्हणून ते शाळेत येत नाही, हे लक्षात आल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. ‘कुरणशाळा’ हा शब्द तेव्हापासून मराठी शिक्षणविचारात रुजला. पालकाला दोष देण्याऐवजी त्याच्या निर्णयामागील तर्क समजून घेण्याची ही रीत आपल्याला पुढील विवेचनातही उपयोगी पडणार आहे.

कर्तव्याची ही परंपरा आजही कायद्यात आहे. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१क मध्ये खंड (ट) जोडला आणि सहा ते चौदा वर्षे वयाच्या आपल्या मुलाला शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १० मध्येही ते आहे. दुसरी परंपरा अधिकाराची. १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक घोषणापत्राच्या अनुच्छेद २६ मध्ये, मुलांना कोणत्या प्रकारचे शिक्षण द्यावे हे ठरवण्याचा अग्रहक्क पालकांचा मानला आहे. शाळेत पाठवलेच पाहिजे, हे पहिली परंपरा सांगते; कोणत्या शाळेत, ते मी ठरवीन, असे दुसरी परंपरा पालकाच्या तोंडून वदवते. माध्यमाचा प्रश्न या दोहोंच्या मधोमध उभा आहे.

६.४ मातृभाषा कोणी ठरवायची?

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘मातृभाषा’ असा एक रकाना असतो. तो भरताना कोणी फारसा विचार करीत नाही. धुळे जिल्ह्यातील एखाद्या घरात आजीपासून नातवापर्यंत सगळे अहिराणी बोलतात, पण रकान्यात ‘मराठी’ लिहिले जाते. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने त्यात खोटे काही नाही. अहिराणी ही मराठीचीच बोली, असे तो मानतो. जनगणनेत मात्र अहिराणी ‘खानदेशी’ या स्वतंत्र भाषेखाली मोडते आणि २०११ मध्ये त्या भाषेची नोंद १८ लाखांहून अधिक लोकांनी केलेली आहे. मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर हा रकाना अधिकच बोलका होतो, कारण त्या भाषा मराठीच्या कुळातल्याही नाहीत. कोरकू ही मुंडा गटातील आणि गोंडी ही द्राविड कुळातील भाषा आहे. या मुलांसाठी ‘मराठी माध्यम’ म्हणजे मातृभाषेतील शिक्षण नव्हे. मराठी माध्यमाचा पुरस्कार करणाऱ्यांच्या भाषणांत ही गोष्ट क्वचितच येते, आणि ती यावयास हवी.

आता ‘मातृभाषा’ या शब्दाच्या तीन व्याख्या शेजारी शेजारी ठेवून पाहू.

भारतीय जनगणनेच्या व्याख्येनुसार, व्यक्तीच्या बालपणी तिची आई तिच्याशी ज्या भाषेत बोलत असे ती तिची मातृभाषा. आई लहानपणीच निवर्तली असेल, तर त्या घरात प्रामुख्याने बोलली जाणारी भाषा. ही व्याख्या भूतकाळाकडे पाहते आणि वापरावर उभी आहे.

दुसरी व्याख्या सर्वोच्च न्यायालयाची आहे. तिची पार्श्वभूमी थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. कर्नाटक शासनाने २९ एप्रिल १९९४ च्या आदेशाने पहिली ते चौथीच्या वर्गांसाठी मातृभाषा किंवा कन्नड हेच माध्यम असावे, अशी अट शाळांच्या मान्यतेसाठी घातली. खाजगी इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी तिला आव्हान दिले. दीर्घकाळ चाललेल्या या वादात ६ मे २०१४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. प्राथमिक टप्प्यावर मुलाने कोणत्या भाषेतून शिकावे हे निवडण्याचे स्वातंत्र्य अनुच्छेद १९(१)(क) मधील भाषण व अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात अंतर्भूत आहे आणि मुलाच्या वतीने ते पालक वापरतात, असे न्यायालयाने म्हटले. मातृभाषेतून मुले अधिक चांगले शिकतात, याविषयी तज्ज्ञांमध्ये एकमत असले तरी शासनाला ती अट लादता येणार नाही, असेही स्पष्ट केले. आणि ‘मातृभाषा म्हणजे काय’ या प्रश्नाचे उत्तर देताना, राज्यघटनेच्या संदर्भात तो शब्द भाषिक अल्पसंख्याकांच्या भाषेसाठी येतो व मुलाची मातृभाषा कोणती हे पालकांनीच ठरवावयाचे आहे, असा निर्वाळा दिला.

येथे भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने थांबले पाहिजे. न्यायालयाची व्याख्या न्यायालयाच्या कामासाठी योग्य आहे. एखाद्या कुटुंबाची भाषा कोणती हे सरकारी अधिकाऱ्याने ठरवावे, हा पर्याय अधिक भयावह असता. बेळगाव किंवा बिदर परिसरातील मराठीभाषक पालकाला या तत्त्वाची किंमत सांगावी लागणार नाही. तेथे मुलाला मराठी शाळेत घालणे हाच मुळात एक अधिकार बजावणे असते. घटनेतील अनुच्छेद ३५०क अशाच भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी मिळाव्यात, यासाठी १९५६ मध्ये घातला गेला. परंतु मातृभाषा पालक ‘ठरवतात’, याचा अर्थ ते तिची नोंद ठरवतात. मुलाच्या मनातील भाषा अर्जावरील शाईने बदलत नाही.

म्हणून तिसरी, भाषावैज्ञानिक व्याख्या पुढे पाहते: मूल कोणत्या भाषेत प्रश्न विचारू शकते, कोणत्या भाषेत ‘मला हे समजले नाही’ असे नेमके कशाबद्दल ते सांगू शकते, ती त्याच्या शिक्षणाच्या दृष्टीने पहिली भाषा. शाळेसाठी हीच व्याख्या सर्वांत उपयुक्त आहे, असे मला वाटते. तिच्यात एक अडचण आहे, तीही सांगावयास हवी. शहरांतील अनेक घरांत मूल दोन किंवा तीन भाषांत एकाच वेळी प्रश्न विचारते आणि त्याला ‘पहिली’ अशी एकच भाषा नसते.

आपली प्रगती तपासा – १
(अ) जनगणनेची आणि सर्वोच्च न्यायालयाची मातृभाषेची व्याख्या यांत मूलभूत फरक कोणता?
(आ) कोरकूभाषक मुलाच्या संदर्भात ‘मराठी माध्यम’ या संज्ञेचा अर्थ स्पष्ट करा.

६.५ इंग्रजी शिकणे आणि इंग्रजीतून शिकणे

इंग्रजी माध्यमाकडे वळणाऱ्या मराठी पालकाला ‘न्यूनगंडाने पछाडलेला’ म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे एक सवय आहे. ती सोडली पाहिजे. इंग्रजीची ओढ मराठी समाजात नवी नाही आणि ती केवळ वरच्या वर्गाची नाही. सावित्रीबाई फुले यांच्या १८५४ मधील ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा पुरस्कार आहे. ज्यांना संस्कृत नाकारली गेली आणि प्रमाण मराठीनेही ज्यांच्या बोलीला हसून दूर ठेवले, त्यांनी इंग्रजीत मुक्तीची वाट पाहिली असेल, तर तो तर्क समजण्यासारखा आहे. ज्या मुलाने वर्गात ‘पानी’ म्हटल्यावर सगळा वर्ग हसला, त्या मुलाने पालक झाल्यावर काय निवडावे, याविषयी उपदेश करण्याआधी हसणाऱ्यांनी विचार करावा.

तेव्हा ओढ चूक नाही. गफलत दुसरीकडे आहे. पालकांना हवे असते ते मुलाला इंग्रजी यावे, हे. आणि ते विकत घेतात ते इंग्रजीतून सर्व विषय शिकणे. भाषा हा ‘विषय’ आणि भाषा हे ‘माध्यम’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी हा विषय सुरू झाला, म्हणजे मराठी शाळेत गेल्याने इंग्रजी मिळणारच नाही, अशी स्थिती राहिलेली नाही. ती किती चांगली शिकवली जाते हा प्रश्न उरतो, आणि पालकांच्या अविश्वासाचे खरे मूळ तेथे आहे.

कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला एक भेद येथे उपयोगी आहे. रोजच्या संभाषणापुरते भाषाकौशल्य वेगळे आणि अभ्यासासाठी लागणारी भाषाक्षमता वेगळी. कॅनडात आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना पहिले कौशल्य साधारण दोन वर्षांत येत होते, दुसऱ्यासाठी पाच ते सात वर्षे लागत होती. ती मुले तर शाळेबाहेरही इंग्रजी ऐकत होती. लातूर किंवा सांगलीच्या मुलाला रस्त्यावर, दुकानात, एसटी स्थानकावर इंग्रजी ऐकू येत नाही. मूल पाहुण्यांसमोर आपले नाव, वर्ग आणि चार गाणी इंग्रजीत म्हणून दाखवते तेव्हा पालकांना समाधान वाटते. ते समाधान खरे आहे, पण ते पहिल्या कौशल्याचे आहे.

एक उदाहरण घेऊ. चौथीच्या वर्गात पाण्याची वाफ होण्याचा पाठ आहे. मराठी माध्यमाच्या पुस्तकात ‘बाष्पीभवन’ हा शब्द असतो, इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकात ‘इव्हॅपोरेशन’. प्रामाणिकपणे पाहिले तर दोन्ही शब्द मुलाला सारखेच परके आहेत. ‘बाष्पीभवन’ कोणाच्या स्वयंपाकघरात बोलले जाते? फरक शब्दात नाही, शब्दापर्यंत जाण्याच्या वाटेत आहे. मराठीतून शिकवणारी शिक्षिका ‘दूध आटतं, कपडे वाळतात, विहीर आटते, डबकं सुकतं’ या अनुभवांवरून मुलाला त्या शब्दापर्यंत नेऊ शकते. मूलही विचारू शकते, की दूध आटताना चुलीवर असते, मग कपडे चुलीशिवाय कसे वाळतात? हा प्रश्न म्हणजेच विज्ञान. तो प्रश्न मुलाला इंग्रजीत विचारता येत नसेल, तर ते व्याख्या पाठ करते व गुण मिळवते, आणि गुणपत्रक पाहून पालक निश्चिंत होतात.

सेमी-इंग्रजी ही महाराष्ट्राने काढलेली मधली वाट आहे. तिच्यात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून शिकवतात. पुढील शिक्षणाच्या दृष्टीने तिचे आकर्षण उघड आहे आणि अनेक मराठी शाळा तिच्यामुळे तगल्या, हेही खरे. तरीही एक विसंगती नोंदवली पाहिजे. ज्या विषयांत संकल्पना नव्याने घडवावयाच्या असतात, नेमके तेच विषय परक्या भाषेकडे गेले. शिवाय सातवी शिकलेली आई मुलाचे शेकडेवारीचे गणित तपासू शकत होती, ती आता ‘मला नाही कळत बाई तुझं’ म्हणून बाजूला होते. निर्णयाची ही किंमत कोणत्याही शुल्कपत्रकात छापलेली नसते.

६.६ ‘निवड’ या शब्दाची चिकित्सा

निवड करण्यासाठी किमान दोन गोष्टी समोर असाव्या लागतात. गावातील मराठी शाळेत पाच वर्गांना दोन शिक्षक असतील आणि इंग्रजी शाळेची बस दाराशी येत असेल, तर पालक माध्यम निवडत नाही; तो शिक्षक असलेली शाळा निवडतो. पुढे आकडेवारी काढणारा मात्र त्याची नोंद ‘इंग्रजीला पसंती’ अशी करतो.

प्रश्न कसा विचारला यावरही उत्तर अवलंबून असते, हे सर्वेक्षणपद्धतीच्या घटकात आपण शिकलो आहोत. आंध्र प्रदेश शासनाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारी शाळांतील पहिली ते सहावीचे माध्यम इंग्रजी करण्याचा निर्णय घेतला. १५ एप्रिल २०२० रोजी तेथील उच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यानंतर शासनाने पालकांकडून पर्याय भरून घेतले आणि सुमारे ९६ टक्के पालकांनी इंग्रजी माध्यम मागितल्याचे जाहीर केले. त्या पर्यायाची शब्दरचना ‘तेलुगू हा अनिवार्य विषय ठेवून इंग्रजी माध्यम’ अशी होती. तेलुगू माध्यमासमोर ‘उत्तम इंग्रजी हा विषय देऊन’ अशी जोड नव्हती. ती असती तर आकडे काय आले असते, हे कोणी सांगू शकत नाही. पण प्रश्न तटस्थ नव्हता एवढे निश्चित सांगता येते.

महाराष्ट्रातही अलीकडेच असाच प्रसंग आला. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. १७ जूनच्या सुधारित निर्णयात ती ‘सर्वसाधारणपणे’ असेल आणि दुसरी भारतीय भाषा हवी असल्यास वर्गातील किमान २० विद्यार्थ्यांनी ती मागावी, अशी अट आली. लहान गावातील ज्या शाळेच्या पहिलीत बाराच मुले आहेत, तेथे ही निवड कागदावरच राहते. पालक, शिक्षक, साहित्यिक आणि राजकीय पक्ष यांच्या विरोधानंतर २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

गोव्यातील वाद याहून निराळा आहे. तेथे १९९० च्या सुमारास कोकणी किंवा मराठी माध्यमाच्याच प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचे धोरण आले. अनुदानासाठी अनेक शाळांनी कोकणी माध्यम स्वीकारले, पण पालकांच्या एका मोठ्या वर्गाला इंग्रजी हवी होती. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि भारतीय भाषांच्या समर्थकांनी त्याविरुद्ध आंदोलन केले. दोन्ही बाजू पालकांच्या नावानेच बोलत होत्या. येथे ध्यानात घ्यावयाचा भेद असा, की माध्यम निवडण्याचा अधिकार आणि त्या माध्यमाचा खर्च शासनाने उचलावा ही अपेक्षा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१४ च्या निकालाची चर्चा करतानाही हा भेद अनेकदा सुटतो.

६.७ घरातील भाषाधोरण

बर्नार्ड स्पोल्स्की यांनी २००४ मध्ये भाषाधोरणाचे तीन घटक सांगितले: प्रत्यक्ष वापर, भाषेविषयीच्या समजुती आणि भाषेचे व्यवस्थापन. पुढे २००८ च्या सुमारास केंडल किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच चौकट कुटुंबाला लावली आणि ‘कौटुंबिक भाषाधोरण’ ही अभ्यासशाखा आकाराला आली.

नाशिकमधील एका काल्पनिक घराला ही चौकट लावू. समजूत अशी, की ‘मराठी काय, आपोआप येतेच’. व्यवस्थापन असे, की इंग्रजी शाळा, इंग्रजी शिकवणी, इंग्रजी कार्टून. आणि वापर? ‘हँड वॉश कर’, ‘मिल्क फिनिश कर’, ‘डॉगी बघ कसा रन करतोय’. या वाक्यांची खिल्ली उडवणे सोपे आहे. भाषावैज्ञानिक दृष्टीने पाहिले तर त्यांचा सांगाडा मराठीच आहे: क्रियापदाची रूपे, शब्दक्रम, प्रत्यय सगळे जागेवर आहे. गेले आहेत ते शब्द. ‘हात’, ‘दूध’, ‘कुत्रा’ हे घरातच मिळणारे शब्द. ते शाळा देत नसते, आणि घराने देणे थांबवले तर दुसरे कोणी देत नाही. अशी मुले मराठी अस्खलित बोलतात असे पालकांना वाटते, पण वृत्तपत्राचा अग्रलेख किंवा सात-बाराचा उतारा त्यांना वाचता येत नाही. २०२० च्या अधिनियमाने महाराष्ट्रातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी हा विषय अनिवार्य केला आहे. कायद्याने तास मिळतो. वाचणारे घर कायद्याने मिळत नाही.

या घरात निर्णय कोणी घेतला, हेही विचारले पाहिजे. प्रवेशअर्जावर बहुधा वडिलांची सही असते, गृहपाठ आईच्या वाट्याला येतो आणि बोलणे तुटते ते आजीआजोबांचे. ‘पालक’ हा शब्द एकवचनी वाटतो. घरात तो तसा नसतो.

माध्यम इंग्रजी असूनही घराने भाषा राखली, अशी उदाहरणे आहेतच. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांच्या शाळा सुटीच्या दिवशी चालतात आणि तेथे शिकवणारे बहुतांशी पालकच असतात. न्यूझीलंडमध्ये माओरी कुटुंबांनी १९८२ पासून ‘कोहांगा रेओ’ म्हणजे भाषेची घरटी उभारली. तेथे आजीआजोबांची पिढी नातवंडांशी केवळ माओरीत बोलते. दोन्ही ठिकाणी पालकांना भाषा आपोआप येणार नाही, हे आधी मान्य करावे लागले.

६.८ प्रवेशानंतरचा पालक

माध्यम एकदा निवडले की पालकाचे काम संपते, असा समज आहे. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २१ नुसार विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्या सदस्यांपैकी किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. शाळेचा विकास आराखडा या समितीने करावयाचा असतो. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतील पालकाला कायद्याने जो आवाज दिला, तो शुल्क भरणाऱ्या विनाअनुदानित शाळेतील पालकाला त्या कलमाने मिळत नाही. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये संस्थेवर नाराज असलेल्यांपुढचे दोन मार्ग सांगितले होते: बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे. मराठी शाळांतून पालक बाहेर पडत गेले तसा त्यांचा आवाजही तेथून गेला, आणि मागे राहिली ती ज्यांना बाहेर पडणे परवडत नव्हते त्यांची मुले. अनेक गावांत समितीची बैठक म्हणजे ठरावाच्या वहीवर सह्या, असे होऊन बसले आहे. परंतु इंग्रजी विषय नीट शिकवला जावा, बोलीतून आलेल्या मुलाला हसू नये, वर्गात कोरकू किंवा पावरी जाणणारी एखादी व्यक्ती असावी, या मागण्या करण्याची जागा तीच आहे. ‘शक्यतो मातृभाषा’ हे माध्यमाविषयीचे तत्त्व याच अधिनियमाच्या कलम २९ मध्ये आहे, ही गोष्ट समितीवरील पालकांना माहीत असावी.

एक मुद्दा राहिला. २०१४ च्या निकालात निवडीचे स्वातंत्र्य मुलाचे आहे, पालक ते त्याच्या वतीने वापरतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत मुलाशी संबंधित बाबींत त्याचे मत विचारात घेण्याचे तत्त्व आहे आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. तीन वर्षांच्या मुलाला माध्यम विचारता येणार नाही, हे खरे. पाचवीतील मुलाला मात्र ‘वर्गात तू शेवटचा प्रश्न कधी विचारलास?’ असे विचारता येते. माध्यम जुळले की नाही, हे या उत्तरावरून प्रगतिपुस्तकापेक्षा अधिक स्पष्ट कळते.

आपली प्रगती तपासा – २
(अ) भाषा हा विषय आणि भाषा हे माध्यम यांतील फरक स्वतःच्या अनुभवातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.
(आ) कौटुंबिक भाषाधोरणाचे तीन घटक सांगून ते आपल्या घराला लावून पाहा.
(इ) ‘किमान २० विद्यार्थी’ या अटीचा निवडीच्या स्वातंत्र्यावर होणारा परिणाम लिहा.

६.९ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा वस्तीतील पाच कुटुंबे निवडा. त्यांपैकी किमान एका घरातील बोली प्रमाण मराठीहून वेगळी असावी. प्रत्येक घरात आई, वडील आणि शक्य असल्यास आजी किंवा आजोबा यांच्याशी स्वतंत्रपणे बोला व मुलाच्या शाळेचा निर्णय केव्हा, कोणी आणि कोणती माहिती हाताशी असताना घेतला, हे विचारा. ‘मराठी शाळेत का घातले नाही?’ असा प्रश्न विचारू नका. त्यात उत्तर आधीच दडलेले असते आणि समोरची व्यक्ती बचावात जाते. ‘शाळा कशी ठरली?’ एवढेच विचारा व ऐका. उत्तरे त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच शब्दांत टिपा. घरी येऊन प्रमाणभाषेत ‘शुद्ध’ करू नका. त्यानंतर मुलाशी त्याला हव्या त्या विषयावर दहा मिनिटे गप्पा मारा आणि त्याने आपणहून विचारलेल्या प्रश्नांची भाषा नोंदवा. कुटुंबांची नावे अहवालात देऊ नका. अहवाल आठ पानांहून अधिक नसावा आणि तो तिसऱ्या संपर्कसत्रापूर्वी अभ्यासकेंद्रावर आपल्या समंत्रकांकडे द्यावा.